'दॅन' च्या पलीकडचं क्रियापद

"ॲल्युमिनियम बेंड्स मोअर दॅन स्टील ____."

मित्रमैत्रिणींनो, वरची गाळलेली जागा भरा बघू. इज, डज, डू की हॅज? आज रात्री मेसमध्ये भाजी यायला उशीर झाला की शेजारच्यालाही विचारा. एकजण छातीठोकपणे 'इज' म्हणेल, दुसरा 'डज', आणि तिसरा म्हणेल, "अरे, काहीच नको, तसंच ठेव!" गंमत म्हणजे तिसऱ्याचंही बरोबर आहे. पण त्याला ते 'का' बरोबर आहे हे विचारलंत, तर तो ताट उचलून पळेल.

आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचा एक घोटाळा असा की, अशी वाक्यं आम्ही कानाने सोडवतो. 'डज' बरं वाटतं म्हणून 'डज'. याउलट डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली किंवा मराठी माध्यमातून आलेली मंडळी नियम विचारतात आणि आमच्याकडे नियम नसतो. मग "असंच असतं रे" हे उत्तर मिळतं. विचारणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच इंग्लिश जमत नाही. खरं तर इथे नियम आहे, तो अगदी सरळ आहे, आणि ज्याचं मराठी व्याकरण शाळेत नीट झालंय त्याला तो आमच्यापेक्षा लवकर कळेल.

सुरुवात आपल्या 'पेक्षा' पासून करूया. "ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त वाकतं." या वाक्यात क्रियापदं किती? एकच, 'वाकतं'. 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय. ते नामाला चिकटतं आणि नामाचं सामान्यरूप करून टाकतं. घोडा असेल तर घोड्यापेक्षा, तांबं असेल तर तांब्यापेक्षा. एकदा चिकटलं की त्या नामाचं कर्तेपण संपलं. तो बिचारा घोडा आता काही करू शकत नाही, नुसता तुलनेला उभा.

इंग्लिशमधला 'दॅन' मूळचा तसा नाही. तो उभयान्वयी अव्यय आहे, म्हणजे 'आणि', 'पण', 'कारण' यांच्या पंगतीतला. उभयान्वयी अव्यय दोन वाक्यं जोडतं. म्हणजे 'दॅन' च्या डावीकडे एक वाक्य असतं तसं उजवीकडेही एक अख्खं वाक्य असतं. फक्त ते बहुतेक वेळा लपलेलं असतं. "ॲल्युमिनियम बेंड्स" हे पहिलं वाक्य, "स्टील बेंड्स" हे दुसरं. दुसऱ्यांदा 'बेंड्स' म्हणायचा कंटाळा येतो म्हणून त्याच्या जागी 'डज' बसवायचं, आणि तोही कंटाळा आला तर सोडून द्यायचं. म्हणून "दॅन स्टील डज" बरोबर आणि नुसतं "दॅन स्टील" सुद्धा बरोबर. "दॅन स्टील इज" मात्र चूक, कारण डावीकडे 'इज' कुठेच नव्हतं. मराठीत बोलायचं तर ते "ॲल्युमिनियम वाकतं, स्टील आहे" असं झालं. स्टील आहे, ठीक आहे, पण काय आहे?

(उदाहरण खोटं नाही हं. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस साधारण २०० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियमचा ७० च्या आसपास. त्यामुळे त्याच मापाच्या पट्टीवर तोच भार टाकला की ॲल्युमिनियम जवळजवळ तिप्पट वाकणार. एसओएम वाल्यांनी पडताळून घ्यावं.)

म्हणजे नियम प्रतिध्वनीचा आहे. डावीकडे जे ओरडलात तेच उजवीकडून परत येतं. डावीकडे 'इज' असेल तर उजवीकडे 'इज', डावीकडे 'कॅन' असेल तर 'कॅन', 'हॅज फिनिश्ड' असेल तर 'हॅज'. आणि डावीकडे साधं क्रियापद असेल, रन, फ्लो, बेंड, कॉस्ट वगैरे, तर उजवीकडे 'डू' घराण्यातलं कुणीतरी. ट्रेकला जाणाऱ्यांसाठी हे उदाहरण घ्या. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर. "कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर इज." आता डोंगर तेच, उंची तीच, फक्त क्रियापद बदलूया. "कळसूबाई राइझेस हायर दॅन साल्हेर डज." अर्थात काडीचा फरक नाही, पण 'इज' चा 'डज' झाला, कारण डावीकडचा आवाज बदलला.

'हॅव' च्या बाबतीत थोडी गडबड आहे. 'जवळ असणे' या अर्थाचं 'हॅव' हे साधं क्रियापद मानायचं की सहाय्यक, यावर इंग्लिशचंच एकमत नाही. "कोयना हॅज अ लार्जर कपॅसिटी दॅन भिरा डज" आणि "दॅन भिरा हॅज" दोन्ही चालतं. कोयनेच्या १९६० मेगावॅटला त्याने फरक पडत नाही. हल्ली 'डज' जास्त ऐकू येतं, जुन्या ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांत 'हॅज' भेटेल. व्हायवाला कुणी अडवलं तर दोन्ही बरोबर आहेत असं नम्रपणे सांगा. (नम्रपणे! टर्मवर्कचे मार्क त्यांच्याच हातात असतात.)

प्रतिध्वनी म्हटलं तरी तो हुबेहूब नसतो, दोन बाबतींत बदलतो. पहिली बाब म्हणजे कर्ता. उजवीकडचं क्रियापद उजवीकडच्या कर्त्याचं ऐकतं. "आय हॅव सॉल्व्ह्ड मोअर पेपर्स दॅन ही हॅज." डावीकडे 'हॅव' आणि उजवीकडे 'हॅज', कारण तिकडे मालक 'ही' आहे. "शी स्टडीज लेस दॅन वी डू, अँड स्कोअर्स मोअर." असे नमुने प्रत्येक विंगमध्ये असतात, त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

दुसरी बाब काळ. हे लक्षात न घेतल्यामुळे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फार चुका दिसतात. समजा डेक्कन क्वीनबद्दल लिहायचंय. ती १ जून १९३० ला सुरू झाली. "ट्रेन्स रन फास्टर टुडे दॅन दे डिड इन १९३०." डावीकडे वर्तमानकाळ, उजवीकडे भूतकाळ. इथे 'डू' लिहिलंत तर गाड्या आज १९३० मध्ये धावतायत असं होईल. मराठीत आपण "पूर्वीपेक्षा" म्हणून मोकळे होतो. 'पूर्वी' या एका शब्दाला 'पेक्षा' चिकटवलं की काळाचा सगळा कारभार उरकला. इंग्लिशमध्ये मात्र तो कारभार क्रियापदाला करावा लागतो. "द मोटर इज नॉइझियर दॅन इट वॉज", "द सेल लास्ट्स लाँगर दॅन इट डिड बिफोर", "द प्लँट विल प्रोड्यूस मोअर दॅन इट डज नाऊ". 'पूर्वीपेक्षा', 'आत्तापेक्षा', 'गेल्या वर्षीपेक्षा' असा शब्द मनात आला की थांबून विचारायचं, उजवीकडचं वाक्य कोणत्या काळात घडतंय?

आता जरा महत्त्वाचा मुद्दा. कुणी म्हणेल, क्रियापद सोडून दिलं तरी चालतं ना, मग एवढा काथ्याकूट कशाला? चालतं, पण नेहमी नाही. हे वाक्य बघा.

"द मॅनेजर्स ट्रस्टेड द मीटर मोअर दॅन द ऑपरेटर."

समजा एखाद्या कारखान्यात अपघात झालाय आणि हे वाक्य चौकशी अहवालात आहे. (वाक्य माझं आहे, कुठल्या खऱ्या अहवालातलं नाही.) याचे दोन अर्थ होतात. एक, मॅनेजर लोकांचा मीटरवर विश्वास होता, ऑपरेटरचा तेवढा नव्हता. म्हणजे ऑपरेटरला शंका होती. दुसरा, मॅनेजर लोकांनी मीटरवर विश्वास ठेवला, पण ऑपरेटरवर ठेवला नाही. म्हणजे ऑपरेटर काहीतरी सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही! पहिल्या अर्थाने तो नुसता साशंक माणूस आहे, दुसऱ्या अर्थाने त्याच्यावर अन्याय झालाय. वकिलांना यावर वर्षभर भांडता येईल. आणि भांडण मिटवायला काय लागतं? एक 'डिड'. "मोअर दॅन द ऑपरेटर डिड" म्हटलं की पहिला अर्थ पक्का. "मोअर दॅन दे डिड द ऑपरेटर" म्हटलं की दुसरा पक्का. शब्द जवळपास तेच आहेत, फक्त 'डिड' कुणाच्या पुढे किंवा मागे बसलाय एवढाच फरक.

हा नुसता व्याकरणाचा खेळ नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामध्ये थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या नंबरच्या अणुभट्टीत अपघात झाला आणि गाभ्याचा काही भाग वितळला. तिथे एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकून राहिला होता. पॅनेलवरच्या दिव्यावरून मात्र तो बंद झालाय असं वाटत होतं, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता, बंद होण्याचा सिग्नल गेला की नाही एवढंच दाखवत होता. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं तापमान चढलेलं दिसत होतं, पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळका असल्यामुळे त्या आकड्याकडे काणाडोळा झाला. कुणी कशावर किती विश्वास ठेवला, हाच त्या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. अशा गोष्टीचा अहवाल लिहिताना 'दॅन' च्या पुढे कोण कर्ता आणि कोण कर्म, हे धूसर ठेवून कसं चालेल? "दे बिलीव्ह्ड द लॅम्प मोअर दॅन दे डिड द टेम्परेचर रीडिंग." लांबलचक आहे, कानाला जरा टोचतं, पण अर्थ एकच.

बरं, या जागी मराठी आपल्याला वाचवते का? अजिबात नाही. "सरांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो." मला तो जेवढा आवडतो त्यापेक्षा, की मी सरांना जेवढा आवडतो त्यापेक्षा? 'पेक्षा' ने दोघांनाही एकाच दावणीला बांधलंय. पण यातून सुटायची युक्तीही मराठीतच आहे. 'जेवढा...त्यापेक्षा' असं मोकळं करून वाक्य मनात म्हणून बघायचं. मोकळं केलं की लपलेलं क्रियापद आपोआप बाहेर येतं, तेच इंग्लिशमध्ये लिहायचं. मला विचाराल तर प्रतिध्वनीच्या नियमापेक्षा ही युक्ती जास्त कामाची आहे.

याच जागेवर 'दॅन आय' की 'दॅन मी' हा जुना वाद बसतो. १७६२ साली रॉबर्ट लोथ या धर्मगुरूने (हा पुढे लंडनचा बिशप झाला) इंग्लिशचं एक छोटं व्याकरण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की 'दॅन' च्या पुढे लपलेलं क्रियापद ओळखा आणि त्याप्रमाणे 'आय' किंवा 'मी' ठरवा. त्याच दशकात जोसेफ प्रिस्टली 'दॅन मी' ची बाजू घेत होता. प्रिस्टली म्हणजे तोच, ज्याला आपण केमिस्ट्रीत ऑक्सिजनसाठी ओळखतो! रिकाम्या वेळात व्याकरणही लिहायचा. पुढे शाळांनी लोथला उचलून धरलं आणि लोकांनी बोलताना प्रिस्टलीचं ऐकलं. आजच्या शब्दकोशांत 'दॅन' दोन्ही प्रकारे नोंदलेला असतो, म्हणून मित्रांशी बोलताना "टॉलर दॅन मी" बिनधास्त म्हणा. रिपोर्टमध्ये किंवा इंटरव्ह्यूमध्ये "टॉलर दॅन आय ॲम" म्हणा. नुसतं "दॅन आय" मात्र टाळा. ते चूक नाही, पण कोट-टाय घालून मेसच्या रांगेत उभं राहिल्यासारखं दिसतं.

जर्नल्समधली सगळ्यात लाडकी चूक कुठली म्हणाल, तर ही. "द रेझिस्टिव्हिटी ऑफ कॉपर इज लोअर दॅन ॲल्युमिनियम." इथे क्रियापदाची परीक्षा करून बघा. दॅन ॲल्युमिनियम इज, म्हणजे ॲल्युमिनियम 'लो' आहे? रेझिस्टिव्हिटीची तुलना एका धातूशी झाली, म्हणजे गाडीच्या वेगाची तुलना बैलाशी. "दॅन दॅट ऑफ ॲल्युमिनियम" पाहिजे, किंवा वाक्यच फिरवून "कॉपर हॅज अ लोअर रेझिस्टिव्हिटी दॅन ॲल्युमिनियम डज." मला दुसरं जास्त आवडतं. 'दॅट ऑफ' ची माळ लागली की वाचणारा पेंगतो. असंच आवाजाचं. आवाज हवेत २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, स्टीलमध्ये ५००० च्या वर. "साउंड ट्रॅव्हल्स फास्टर इन स्टील दॅन एअर" असं लिहिलंत तर आवाज आणि हवा यांची शर्यत लावलीत. "दॅन इट डज इन एअर" म्हणा, किंवा निदान तो 'इन' तरी परत आणा.

कधीकधी 'दॅन' च्या पुढे कर्ताच दिसत नाही. आपण म्हणतो "गरजेपेक्षा जास्त", "अपेक्षेपेक्षा कमी". इंग्लिशमध्ये "मोअर करंट दॅन इज नेसेसरी", "लेस हीट दॅन वॉज एक्स्पेक्टेड". इथे कर्ता नाही, मग 'इज' की 'आर' हे कसं ठरवायचं? डावीकडे कशाची मोजणी चाललीय ते बघा. करंट, हीट, वॉटर यांचं माप घेतात, नग मोजत नाहीत, म्हणून एकवचन. पण "मोअर स्टुडंट्स केम दॅन वेअर इन्व्हायटेड". विद्यार्थी मोजता येतात, म्हणून 'वेअर'. (गॅदरिंगच्या जेवणाला हे वाक्य दरवर्षी खरं ठरतं.) संशय आला तर "दॅन नेसेसरी", "दॅन एक्स्पेक्टेड" एवढंच लिहा, तेही शुद्ध आहे.

याच्या शेजारी एक विचित्र प्रकार राहतो. "मोअर दॅन वन स्टुडंट हॅज फेल्ड." एकापेक्षा जास्त म्हणजे निदान दोन, तरी 'हॅज'! आणि "फ्यूअर दॅन टू स्टुडंट्स हॅव फेल्ड". दोनपेक्षा कमी म्हणजे फार तर एक, तरी 'हॅव'! मराठीत आपण शहाण्यासारखे "एकापेक्षा जास्त विद्यार्थी नापास झाले" म्हणतो. इंग्लिशमध्ये क्रियापद गणित बघत नाही, आधीच्या नामाचं रूप बघतं. 'स्टुडंट' दिसलं की एकवचन, 'स्टुडंट्स' दिसलं की अनेकवचन. मॅथ्सवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.

'ॲज...ॲज' चं वेगळं सांगायला नको, तिथेही हाच प्रतिध्वनी. "ही रन्स ॲज फास्ट ॲज आय डू." 'वुड रादर' मात्र वेगळा. "आय वुड रादर फेल दॅन कॉपी." इथे 'दॅन' च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं, 'डू' नाही आणि 'टू' पण नाही. कॉपी करण्यापेक्षा नापास झालेलं परवडलं, असा आपला जो 'परवडलं' आहे ना, तोच हा 'वुड रादर'. आणि प्रिफर, सुपीरियर, ज्युनियर यांच्यापुढे 'दॅन' येतच नाही, 'टू' येतो, त्यामुळे तिथे क्रियापदाचा प्रश्नच उद्भवत नाही.

वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत कधी उलटी रचना दिसते, "दॅन डिड द ओल्डर इंजिन" अशी. क्रियापद आधी, कर्ता नंतर. कर्ता लांबलचक असेल तेव्हा ते शोभतं. 'ही', 'शी', 'आय' असल्या चिमुकल्या कर्त्यापुढे ते लावू नका, आणि लॅब रिपोर्टमध्ये तर नकोच.

आता शेवटची शंका, जी विंगमध्ये हमखास येते. "एआय ला दिलं की तो दुरुस्त करून देतो, मग हे कशाला?" देतो ना. 'इज' च्या जागी 'डज' तो डोळे झाकून करेल. पण त्या मॅनेजर आणि ऑपरेटरच्या वाक्यात त्याला चूक सापडेलच असं नाही, कारण व्याकरणाची चूक तिथे नाहीच. सापडलंच काही तर तो दोनपैकी एक अर्थ निवडून वाक्य गुळगुळीत करून देईल, आणि कंट्रोल रूममध्ये खरं काय घडलं ते त्याला कुठून माहीत? ते लिहिणाऱ्यालाच माहीत. जीमॅट देणाऱ्या सीनियर्सना पूर्वी सेंटेन्स करेक्शनमध्ये असल्या तुलना नेहमी भेटायच्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या परीक्षेचं नवं रूप आलं, त्यात तो प्रकार नाही. त्यामुळे परीक्षेपुरतं शिकणाऱ्यांची सुटका झाली. व्हायवावाल्यांची नाही.

सरावासाठी तीन वाक्यं देते, लाइट जायच्या आत सोडवा. "द न्यू पंप यूझेस लेस पॉवर दॅन द ओल्ड वन ____." "देअर आर मोअर फॅन्स इन धिस हॉस्टेल दॅन ____ वर्किंग." आणि तिसरं, "माय रूममेट लव्ह्ज द कँटीन वडा मोअर दॅन मी." पहिल्यात जुना पंप अजून चालू असेल तर 'डज', भंगारात गेला असेल तर 'डिड'. दुसऱ्यात 'आर'. तिसऱ्यात रिकामी जागाच नाही, पण अर्थ दोन आहेत. कुठला खरा ते रूममेटलाच विचारा, आणि वडा त्याच्यासमोर ठेवून विचारा.